घरामागच्या जमिनीचं रीझोनिंग : काउंटीच्या सुनावणीत नेमकं काय मागायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीत तुमचं टाउनहाऊस आहे. मागच्या झाडीच्या कडेला काउंटीची पाटी लागली, पाठोपाठ पत्र आलं. ऑफिस पार्कसाठी राखलेल्या जमिनीचं झोनिंग (तिथे काय बांधता येईल हे ठरवणारा नियम) बदलून तिथे १२० टाउनहाऊस बांधायचा अर्ज आहे. शाळा आधीच भरलेली, संध्याकाळी चौकात दोन-तीन सिग्नल सुटेपर्यंत थांबावं लागतं, आणि घर घेताना 'मागची झाडी राहणार' असं सांगितलं गेलं होतं. प्लॅनिंग कमिशनची जनसुनावणी तीन आठवड्यांवर आली आहे. तुम्ही एच-१बीवर आहात. बोलता येईल का, आणि बोलून हे थांबेल का?

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे. बोलता येतं. सुनावणीत नाव आणि पत्ता विचारतात. नागरिकत्व किंवा व्हिसा विचारत नाहीत. भाडेकरूही बोलू शकतात. तुमचं बोलणं चित्रित होतं आणि सार्वजनिक नोंदीत राहतं, एवढं लक्षात ठेवा.

दुसऱ्या भागासाठी मात्र प्रश्न थोडा बदलून घ्यावा लागेल. 'हे थांबेल का' यापेक्षा 'हा अर्ज फेटाळला तर तिथे काय होईल, आणि मंजूर झाला तर त्यात काय लिहून घेता येईल' असं विचारा. सुनावणीला येणारे बहुतेक लोक पहिल्याच प्रश्नावर अडकतात आणि दुसऱ्यात जे मिळवता आलं असतं ते हातचं जातं. 'काहीच होणार नाही' हा पर्याय क्वचितच असतो. तुमच्या मागची जमीन रिकामी असली तरी तिला आजही एक झोन आहे, आणि त्या झोनमध्ये जे बसतं ते बांधायला मालकाला सुनावणीची गरज नाही. त्याला इथे 'बाय-राइट' म्हणतात.

व्यवस्था कशी आहे ते आधी सांगतो, कारण काउंटी म्हणजे आपला जिल्हा असं समजून आपली माणसं चुकीच्या दारावर जातात. इथे जिल्हाधिकारी नाही. काउंटी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हा बोर्डाने नेमलेला अधिकारी असतो, झोनिंगचा निर्णय त्याचा नसतो. निर्णय निवडून आलेल्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सचा. लाउडनमध्ये ९ जण आहेत : ८ विभागांचे आणि संपूर्ण काउंटीतून निवडलेला अध्यक्ष. प्लॅनिंग कमिशन नेमलेलं असतं आणि फक्त शिफारस करतं. शाळा वेगळ्या, निवडून आलेल्या स्कूल बोर्डाकडे आहेत, पण त्या बोर्डाला कर लावता येत नाही. पैसा सुपरवायझर्सकडूनच येतो. आणि रस्ते? व्हर्जिनियात १९३२ पासून काउंट्यांचे दुय्यम रस्ते राज्याकडे आहेत. आज आर्लिंग्टन आणि हेनरिको या दोनच काउंट्या स्वतःचे रस्ते सांभाळतात. त्यामुळे तुमच्या चौकातला सिग्नल सुपरवायझरच्या सहीने लागत नाही, राज्याच्या वाहतूक खात्याची, म्हणजे व्हीडॉटची, मंजुरी लागते. शिवाय राज्याच्या विधिमंडळाने जो अधिकार स्पष्ट दिला आहे तेवढाच काउंटीला असतो. 'यांनी बिल्डरला अमुक करायला लावायला हवं होतं' अशा तक्रारींत बरेचदा ते अमुक काउंटीच्या हातातच नसतं.

आता तुमची जमीन. काउंटीच्या ऑनलाइन नकाशावर तिचा आजचा झोन बघा, आणि त्या जमिनीवर पूर्वीच्या एखाद्या रीझोनिंगच्या अटी आहेत का तेही बघा. लाउडनचा झोनिंग ऑर्डिनन्स डिसेंबर २०२३ मध्ये नवा झाला, तरी जुन्या अटी जमिनीसोबत चालत राहतात. ऑफिस पार्कच्या झोनमध्ये डेटा सेंटर पूर्वी बाय-राइट बसत असे. मार्च २०२५ मध्ये बोर्डाने ती सोय काढून टाकली, आता त्यासाठीही सुनावणी लागते. आधीपासून रांगेत असलेल्या काही अर्जांना मात्र सवलत मिळाली. म्हणून 'रीझोनिंग फेटाळलं तर डेटा सेंटर येईल' असं कुणी सांगितलं तर ते तपासल्याशिवाय मानू नका.

ऑफिस मात्र येऊ शकतं, आणि ट्रॅफिकचं गणित इथेच उलटं फिरतं. सगळे ट्रॅफिक इंजिनिअर इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्स्पोर्टेशन इंजिनिअर्सचे दर वापरतात. ११ व्या आवृत्तीप्रमाणे एका टाउनहाऊसमागे कामाच्या दिवशी सरासरी ७.२ फेऱ्या. १२० घरांच्या साधारण ८६४ फेऱ्या होतात. संध्याकाळच्या गर्दीच्या तासात दर ०.५७, म्हणजे सुमारे ६८. आता त्याच जमिनीवर एक लाख चौरस फुटांचं ऑफिस धरा : दिवसाला सुमारे १,०८४ फेऱ्या, संध्याकाळच्या तासात १४४. अर्जदाराचा वकील हा तक्ता पहिल्या पाच मिनिटांत पडद्यावर दाखवेल आणि तुमचं 'ट्रॅफिक वाढेल' हे वाक्य तिथेच संपेल. त्याला उत्तर आहे, पण ते तयार ठेवावं लागतं. कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्ष बांधकाम यांत फरक असतो; ऑफिसची मागणी मंदावलेली असताना ती इमारत खरंच उभी राहणार होती का, हा प्रश्न योग्य आहे. दुसरं, ऑफिसला सकाळी गाड्या येतात, घरांतून सकाळी निघतात. तुमच्या चौकात सकाळी डावं वळण घेणारी रांग आधीच लांब असेल तर एकूण फेऱ्यांपेक्षा त्या एका वळणावर किती गाड्या वाढतात ते महत्त्वाचं.

अर्जाच्या फाइलीत ट्रॅफिक स्टडी असेल, ती उघडा. लाउडनमध्ये ही कागदपत्रं काउंटीच्या ऑनलाइन व्यवस्थेत असतात. पत्रावरचा अर्ज क्रमांक टाकायचा. व्हीडॉटची कायदेशीर छाननी रोज ५,००० हून जास्त फेऱ्यांच्या रीझोनिंगला लागते, तुमचा अर्ज त्यात बसणार नाही. पण काउंटी स्वतःच्या नियमांनुसार अभ्यास मागते आणि व्हीडॉटचा अभिप्रायही घेते. त्यात चार गोष्टी बघा. गाड्या कोणत्या तारखेला मोजल्या? शाळेच्या सुट्टीत मोजल्या असतील तर ती मोजणी कमकुवत. कोणते चौक घेतले आणि तुमचा वगळला का? आसपासचे मंजूर पण न बांधलेले प्रकल्प धरले का? आणि प्रत्येक वळणाला ए (सर्वात चांगली) ते एफ (सर्वात वाईट) अशी जी श्रेणी देतात, ती संपूर्ण चौकाची सरासरी आहे की तुमच्या वळणाची? सरासरी 'डी' असलेल्या चौकात एक डावं वळण 'एफ' असू शकतं. रांगेची लांबी फुटांत दिलेली असते. ती वळणाच्या लेनच्या लांबीपेक्षा जास्त असेल तर गाड्या सरळ लेनमध्ये साचतात. हे एक वाक्य, तक्त्याच्या पान क्रमांकासह, चाळीस लोकांच्या 'फार गर्दी होते'पेक्षा जड आहे.

यानंतर काउंटीचा सर्वंकष आराखडा, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह प्लॅन. लाउडनचा २०१९ चा आहे, आणि त्यात प्रत्येक भागात कशा प्रकारची वस्ती, किती घनतेची, याचं वर्णन आहे. आपल्याकडच्या विकास आराखड्यासारखा तो सक्तीचा नसतो, मार्गदर्शक असतो. पण काउंटीच्या कर्मचाऱ्यांची शिफारस बहुतांशी त्यावर बेतलेली असते. तुमच्या जागेला आराखड्याने घरं सुचवली असतील तर नकाराची शक्यता कमी, हे मान्य करून पुढे चला. आराखडा तिथे रोजगाराची जागा म्हणत असेल आणि अर्ज घरं म्हणत असेल, तर तुमचा सगळ्यात मजबूत मुद्दा तोच. तुमची जागा मेट्रो स्टेशनच्या आसपासच्या भागात येते की दूर, यावरही बरंच अवलंबून आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेट्रोची सिल्व्हर लाइन अ‍ॅशबर्नपर्यंत आली तेव्हापासून स्टेशनजवळ दाट वस्ती हेच धोरण आहे. मी अशी फाइल वाचायला घेतो तेव्हा अर्जदाराचं निवेदन बाजूला ठेवून आधी आराखड्याचं पान आणि मग स्टाफ रिपोर्टमधला, म्हणजे काउंटी कर्मचाऱ्यांच्या अहवालातला, 'न सुटलेले मुद्दे' हा भाग वाचतो. तुम्हीही तसंच करा. कर्मचाऱ्यांनी जो मुद्दा उघडा ठेवला आहे, त्यावर बोललेलं ऐकलं जातं.

शाळेचं जरा नाजूक आहे. 'शाळा भरली आहे' हे वाक्य स्कूल डिस्ट्रिक्टच्या आकड्यांशिवाय म्हणू नका. त्यांच्याकडे शाळावार क्षमता, पटसंख्या आणि पुढच्या वर्षांचे अंदाज प्रसिद्ध असतात, आणि टाउनहाऊसमागे किती विद्यार्थी धरायचे याचा दरही. १२० ला त्या दराने गुणा, प्राथमिक, मिडल आणि हायस्कूल वेगळं काढा. हा आकडा का लागतो? २०१६ च्या राज्य कायद्याने निवासी रीझोनिंगमध्ये बिल्डरकडून काय मागता येईल यावर मर्यादा घातली. प्रकल्पाबाहेरच्या सुविधांसाठी योगदान फक्त शाळा, सार्वजनिक सुरक्षा, उद्यानं आणि वाहतूक या चार गोष्टींसाठी, आणि तेही आहे त्या क्षमतेपलीकडची गरज या प्रकल्पामुळे निर्माण होत असेल तरच. २०१९ मध्ये कायदा थोडा सैल झाला, अर्जदार स्वतःहून देऊ करू शकतो. मेट्रोजवळच्या काही दाट भागांना यातून सूट आहे. म्हणजे शाळेत जागा शिल्लक असेल तर काउंटीला बिल्डरकडे शाळेसाठी पैसे मागता येत नाहीत. भरली असेल तर तुमचा आकडा काउंटीच्या हाती आधार देतो. पण हेही ओळखा की शाळेच्या हद्दी स्कूल बोर्ड बदलू शकतं, आणि सुपरवायझर हे उत्तर देतील.

आता प्रॉफर. तुमच्या हातात खरंच काही पडलं तर ते इथे पडेल, म्हणून थोडा वेळ घेतो. रीझोनिंगसोबत अर्जदार लेखी वचनं देतो, त्यांना प्रॉफर म्हणतात. बोर्डाने मंजुरी दिली की ती त्या जमिनीच्या झोनिंगचा भाग होतात. मालक बदलला, बिल्डर बदलला तरी पुढच्या रीझोनिंगपर्यंत ती बंधनकारक असतात. तोंडी वचनाला शून्य किंमत आहे. 'झाडी राहणार' हे तुम्हाला विक्रेत्याने सांगितलं होतं, ते कुठल्याही प्रॉफरमध्ये किंवा नोंदवलेल्या नकाशावर नसेल तर कायद्याने काही उरत नाही. दुःखद आहे, पण तेच खरं.

प्रॉफरचा मसुदा फाइलीत असतो आणि सुनावणीपर्यंत बदलत राहतो; तारीख बघून ताजी प्रत वाचा. पहिल्या कलमात लिहिलेलं असतं की बांधकाम अर्जासोबत जोडलेल्या आराखड्याच्या कोणत्या पानांशी सुसंगत राहील. फक्त तीच पानं बंधनकारक. सुंदर झाडं, बाकं, कारंजी दाखवणारी पानं बहुधा 'केवळ कल्पनेसाठी' असतात. तुमच्या कुंपणामागचा हिरवा पट्टा कोणत्या पानावर आहे ते शोधा; तो बंधनकारक पानावर आणायला सांगा, आणि त्याची रुंदी फुटांत लिहायला सांगा. 'पुरेसा' किंवा 'शक्य तितका' हे शब्द दिसले की तिथे आकडा मागा. झाडं राखायची असतील तर किती टक्के छत्र राहील, बांधकाम सुरू होण्याआधी मुळांच्या कक्षेबाहेर कुंपण घालणार का, आणि राखलेलं झाड मेलं तर काय, हे तीन प्रश्न. मातीचं कटिंग मुळांवर आलं की झाड दोन-तीन वर्षांनी वाळतं, तोवर बिल्डर निघून गेलेला असतो.

मग वेळ. 'अर्जदार वळणाची लेन बांधेल' हे अर्धं वाक्य आहे. कधी? पहिल्या घराच्या परवानगीआधी, की शंभराव्या? शंभरावं असेल तर ९९ घरांची माणसं लेनशिवाय त्या चौकातून जाणार, आणि बाजार पडला तर शंभरावं घर येणारच नाही. 'व्हीडॉटच्या मंजुरीच्या अधीन' हा शब्दप्रयोगही नेहमी दिसतो. व्हीडॉटने नाही म्हटलं तर? त्याऐवजी तितकीच रक्कम त्याच चौकाच्या कामासाठी काउंटीकडे जमा होईल असं पुढचं वाक्य मागा. रोख रकमेला महागाईनुसार वाढीची अट हवी. आणि रस्त्यासाठी 'जमीन सोडणं', 'बांधणं' आणि 'पैसे देणं' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सुनावणीत त्या सर्रास एकमेकींच्या जागी बोलल्या जातात.

सिग्नलबद्दल एक सूचना. नव्या सिग्नलसाठी राष्ट्रीय नियमपुस्तिकेत ९ निकष आहेत, गाड्यांची संख्या, पादचारी, अपघात वगैरे. किमान एक पूर्ण व्हावा लागतो आणि तरीही व्हीडॉट आधी गोल चौक किंवा वळणबंदीसारखे पर्याय तपासतं. म्हणून 'सिग्नल द्या' म्हणण्यापेक्षा 'अमुक घरं झाल्यावर सिग्नलची गरज तपासणारा अभ्यास करावा, आणि निकष पूर्ण झाले तर खर्च अर्जदाराचा' हे मागा. शाळेकडे जाणारा तुटका फुटपाथ जोडणं, पादचारी पट्टे, ट्रकांचा मार्ग, कामाच्या वेळा : या मागण्या स्वस्त असतात आणि बरेचदा मान्य होतात.

एक गोष्ट लोकांना फार उशिरा कळते. तुमच्या वस्तीत एखादा रस्ता लाकडी अडथळ्यापाशी संपतो का? तो तसा मुद्दाम ठेवलेला असतो, पुढच्या वस्तीला जोडण्यासाठी. नव्या प्रकल्पाच्या आराखड्यात तो जोडलेला असेल तर बाहेरची वाहतूक तुमच्या गल्लीतून जाईल. अग्निशमन दलाला दुसरा रस्ता हवा असतो, त्यामुळे पूर्ण बंद करणं अवघड. पण फक्त आपत्कालीन गाड्यांसाठी जोडणी, किंवा वेग कमी करणारी रचना मागता येते. नव्या वस्तीतले रस्ते राज्य स्वीकारणार की एचओएचे (घरमालकांच्या संघटनेचे) खाजगी राहणार तेही विचारा. खाजगी राहिले तर बर्फ आणि डांबर दोन्ही तिथल्या लोकांच्या खिशातून.

काउंटीच्या वाहतूक आराखड्यात तुमच्या चौकाजवळ रुंद रस्ता रंगवलेला असेल, तर त्या रेघेवर विसंबू नका. रेघ म्हणजे पैसा नव्हे. सहा वर्षांच्या भांडवली कार्यक्रमात तो रस्ता आहे का, कोणत्या वर्षात किती रक्कम आहे, ते बघा. पैसे काउंटीच्या रोख्यांतून येतात, उत्तर व्हर्जिनियाच्या वाहतूक प्राधिकरणाकडून येतात (त्या निधीचा ७० टक्के प्रादेशिक कामांना, ३० टक्के स्थानिक), किंवा राज्याच्या गुणांकन पद्धतीतून, जिला स्मार्ट स्केल म्हणतात. पैसा दिसत नसेल तर 'रस्ता येणारच आहे' हा अर्जदाराचा मुद्दा पोकळ आहे, आणि ते तुम्ही शांतपणे दाखवू शकता.

तीन आठवडे कसे वापराल? पहिल्या आठवड्यात फाइल वाचा आणि प्रकल्पाचं काम बघणाऱ्या काउंटी प्लॅनरला फोन करा. नाव पत्रावर किंवा फाइलीत असतं, आणि ते लोक साध्या प्रश्नांना नीट उत्तर देतात. दुसऱ्यात तुमच्या विभागाच्या सुपरवायझरच्या ऑफिसला आणि प्लॅनिंग कमिशनच्या सदस्याला एक पानाचं पत्र पाठवा : तीन मागण्या, प्रत्येकीला प्रॉफरचं कलम किंवा पान क्रमांक. अर्जदाराच्या वकिलालाही प्रत पाठवा. त्याला सुनावणीआधी वाद मिटवायचे असतात, तेव्हा तो बोलायला तयार असतो. तुमच्या एचओएच्या बोर्डाने ठराव केला तर वजन वाढतं. शेवटी दोन-तीन मिनिटांचं भाषण लिहून, घड्याळ लावून वाचा. दहा शेजाऱ्यांनी तेच दहा वेळा म्हणू नये; एकाने चौक, एकाने शाळेचे आकडे, एकाने झाडीचं कलम घ्यावं.

काय म्हणू नये तेही सांगतो. घरांच्या किमती पडतील हा मुद्दा सिद्ध होत नाही. तिथे कोण राहायला येईल, भाडेकरू येतील, स्वस्त घरं नकोत, याकडे चुकूनही जाऊ नका. २०२१ पासून राज्याच्या कायद्यात परवडणारी घरं आहेत म्हणून काउंटीने भेदभाव करायला स्पष्ट मनाई आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्याबद्दलही कुणीतरी असंच बोललेलं असतं.

कमिशनची शिफारस विरोधात गेली तरी बोर्ड मंजूर करू शकतं, आणि उलटही. त्यामुळे बोर्डापुढच्या सुनावणीला पुन्हा जा. ९ पैकी ५ मतं लागतात. निर्णयाला आव्हान द्यायचं तर सर्किट कोर्टात ३० दिवसांच्या आत, वकिलामार्फत. कोर्ट मात्र बोर्डाच्या जागी स्वतःचं मत घालत नाही. मुद्दा दोन्ही बाजूंनी वाजवीपणे मांडता येण्यासारखा असेल तर बोर्डाचा निर्णय टिकतो. प्रक्रियेतली चूक वेगळी. शेजारच्या प्रिन्स विल्यम काउंटीत मनासस रणभूमीजवळच्या सुमारे २,१०० एकरांच्या डेटा सेंटर रीझोनिंगला डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे २७ तासांच्या सुनावणीनंतर मंजुरी मिळाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट कोर्टाने ती रद्दबातल ठरवली, कारण सुनावणीची जाहिरात कायद्याप्रमाणे झाली नव्हती. म्हणून तुमच्या पत्राचं पाकीट जपून ठेवा. लगतच्या मालकांना लेखी सूचना सुनावणीच्या किमान ५ दिवस आधी जायला हवी. टपालाचा शिक्का हा पुरावा आहे. पण सूचनेची चूक सापडली तरी नवी सूचना काढून तोच अर्ज पुन्हा येऊ शकतो, तेव्हा सगळा भार त्यावर टाकू नका.

मंजुरी मिळालीच, तर मंजूर प्रॉफरची अंतिम प्रत उतरवून ठेवा आणि साइट प्लॅनचा (प्रत्यक्ष बांधकामाच्या तपशीलवार आराखड्याचा) नवा क्रमांक काउंटीच्या ऑनलाइन व्यवस्थेत शोधा. त्या टप्प्यावर सुनावणी नसते, पण पट्ट्याची रुंदी किंवा झाडांचं कुंपण प्रॉफरप्रमाणे नसेल तर काउंटीच्या झोनिंग अंमलबजावणी विभागाकडे कलम क्रमांकासह तक्रार करता येते. ती तक्रार बुलडोझर यायच्या आधी जायला हवी, म्हणून जमीन साफ करण्याची परवानगी कधी निघते यावर दर आठवड्याला नजर ठेवा.